मुंबई मेट्रो ३: गाडी चोख आहे, वेळ जातो तो जिन्यांवर

आरे जेव्हीएलआर ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. ७ ऑक्टोबर २०२४ला आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा पहिला टप्पा लोकांसाठी सुरू झाला. १० मे २०२५ला गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ९ ऑक्टोबर २०२५पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाऊ लागली. मुंबईच्या या पहिल्या भुयारी मेट्रोला या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण पंचावन्न मिनिटं लागतात आणि तिकीट पडतं ७० रुपये.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण आपल्या रोजच्या ये-जा करण्याला या मेट्रोचा उपयोग आहे का, हे त्या पंचावन्न मिनिटांवरून ठरत नाही. रस्त्यावरच्या दारातून फलाटावर पोचायला किती वेळ लागतो आणि उतरल्यावर आपण नेमके कुठे वर येतो, यावर ते ठरतं. म्हणून इथे गाडीबद्दल थोडं आणि दारं, जिने, जोडस्थानकं यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी गाडी

आठ डब्यांची, सुमारे १८० मीटर लांबीची गाडी. बांधणी आल्स्टॉम कंपनीची, आंध्रातल्या श्री सिटीच्या कारखान्यातली. एका गाडीत अधिकृत हिशेबानं अडीच हजारांच्या आसपास माणसं मावतात. बाकं खिडक्यांना पाठ लावून लांबच लांब, मधली सगळी जागा उभ्यांसाठी. डब्यातून डब्यात चालत जाता येतं, त्यामुळे जिन्यासमोरचा डबा भरला तरी आत शिरून पुढच्या डब्यात सरकता येतं. लोकलच्या सवयीमुळे बरेच जण दारातच थांबतात. इथे त्याचा काहीच फायदा नाही, कारण दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही आणि वारा खायला दार उघडं राहत नाही.

थांब्यांसकट सरासरी वेग काढला तर ताशी ३६-३७ किलोमीटर येतो. दोन स्थानकांत सरासरी १.३ किलोमीटर अंतर असताना हा वेग उत्तम म्हणायला हवा. मुंबईच्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता याच्या निम्मा वेग मिळाला तरी लोक खूश असतात. गर्दीच्या वेळी गाड्या साधारण पाच मिनिटांच्या अंतरानं येतात, म्हणजे सरासरी थांबणं अडीच मिनिटांचं. वेळापत्रक पाठ करायची गरज नाही, फक्त पहिली आणि शेवटची गाडी लक्षात ठेवायची. दोन्ही टोकांहून पहिली गाडी पहाटे ५.५५ला, शेवटची रात्री साडेदहाला.

फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे आणि तिच्यातली दारं गाडीच्या दारांबरोबरच उघडतात. कोणी रुळांवर पडू नये हा त्यामागचा एक हेतू झाला. दुसरा हेतू तितकाच महत्त्वाचा: भुयारातून गाडी येताना आपल्यापुढची हवा ढकलत आणते, ती गरम हवा फलाटावर येऊ नये आणि फलाटावरची थंड हवा भुयारात वाया जाऊ नये. त्यामुळे गाडी येताना वाऱ्याचा झोत लागत नाही. दोन दारांच्या मधल्या अरुंद फटीत पिशवीचा पट्टा किंवा ओढणी अडकू देऊ नका. दार बंद होताना हात घालून अडवलं की ते पुन्हा उघडतं आणि मागच्या गाडीलाही उशीर होतो. पाच मिनिटांच्या अंतरावर चालणाऱ्या मार्गावर असा वीस-तीस सेकंदांचा उशीर चार स्थानकांत साठला की मागची गाडी भुयारात थांबवावी लागते. डब्यात ‘गाडी का थांबली’ म्हणून सगळे एकमेकांकडे पाहतात, तेव्हा बहुतेकदा कारण एवढंच असतं.

रुळांबद्दल सांगायलाच हवं, कारण दक्षिण मुंबईत या मार्गाची खरी परीक्षा तिथे होती. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींखालून आणि पारशी अग्यारींच्या जवळून बोगदा जातो. आतश बेहराम या पारशांच्या सर्वांत पवित्र अग्निमंदिराच्या शेजारून बोगदा खणण्यावरून २०१८ साली उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता. इथे रूळ सलग काँक्रीटमध्ये घट्ट गाडलेले नाहीत. रुळाखालचा प्रत्येक काँक्रीटचा ठोकळा रबराच्या बुटात बसवला आहे आणि त्याच्या तळाशी लवचिक गादी आहे. चाकांचा हादरा त्या रबरात जिरतो, जमिनीत फारच थोडा उतरतो. डब्यातही हे जाणवतं. वळणावर चाकांची किंचित कुरकुर ऐकू येते, पण दणके बसत नाहीत. उभ्यानं पुस्तक वाचता येईल इतकी ही गाडी स्थिर चालते. गाडीला शंभरपैकी नव्वद गुण द्यायला हरकत नाही.

रस्ता ते फलाट

फलाट साधारण वीस-पंचवीस मीटर खाली आहेत. सात-आठ मजली इमारत उतरण्यासारखं. टप्पे असे: रस्त्यावरच्या दारात आधी दोन-चार पायऱ्या चढायच्या (पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबरा उंच ठेवतात), मग सरकत्या जिन्यानं तिकिटांच्या मजल्यावर, तिथे सामानाची तपासणी, मग फाटक, मग पुन्हा एक किंवा दोन सरकते जिने आणि शेवटी फलाट. रांग नसेल तरी चार मिनिटं धरा, कार्यालयीन वेळेत सहा. उतरल्यावर वर यायला आणखी चार. म्हणजे गाडीत बसण्याआधी आणि उतरल्यानंतर मिळून दहा मिनिटं आणि वर गाडीची वाट पाहणं.

हा हिशेब मांडला की कुठला प्रवास मेट्रोनं करावा आणि कुठला करू नये, हे आपोआप कळतं. चर्चगेट ते सीएसएमटी मेट्रोनं दोन थांबे. गाडीत तीन-चार मिनिटं, पण दारापासून दारापर्यंत पंधरा. तेवढ्या वेळात चालतही पोचता येतं. तीन-चार किलोमीटरच्या आतला प्रवास असेल तर बेस्टची बस समोर उभी असताना ती सोडून खाली उतरू नका. आठ किलोमीटरच्या पुढे मात्र मेट्रोला तोड नाही, आणि मुसळधार पावसात किंवा मे महिन्याच्या दुपारी पाच किलोमीटरलाही नाही.

जवळच्या प्रवासाचं हे काम मुंबईत एके काळी ट्राम करत असे. ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ला विजेची आली आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. ट्रामचा वेग बेताचाच होता, पण रस्त्यावरून पाऊल उचललं की माणूस आत. भुयारी रेल्वे हे कधीच देऊ शकत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. ती दूरच्या अंतरासाठी आहे. जवळच्या अंतरासाठी रस्त्यावर सारख्या येणाऱ्या बस हव्यात. मेट्रो आली म्हणून बेस्टच्या फेऱ्या कमी झाल्या तर या मार्गाचाच अर्धा उपयोग संपेल.

गाडी १८० मीटर लांब असल्यामुळे फलाटाच्या चुकीच्या टोकाला उतरलात तर फलाटावरच दोन मिनिटं चालावं लागतं. रोजचा प्रवास असेल तर आपल्या दारासमोर येणारा डबा एकदा बघून ठेवा. बाहेर पडायच्या दारांना अक्षर आणि अंक दिलेले आहेत आणि तिकिटांच्या मजल्यावर कुठलं दार कुठल्या रस्त्यावर निघतं याचे फलक आहेत. वर जाण्यापूर्वी तिथे अर्धा मिनिट थांबा. चुकीच्या दारानं वर आलात तर चौक ओलांडून पलीकडे जाण्यात जो वेळ जातो, तो गाडीनं वाचवलेल्या वेळाइतकाच असतो. या फलकांबाबत सेवेला गुण कमी द्यावे लागतात. खालचे फलक नीट आहेत, पण रस्त्यावर आल्यावर पुढे कुठे जायचं, बसथांबा कुठल्या हाताला, हे सांगणारं फारसं काही दिसत नाही.

लिफ्टबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. रस्त्यावरून थेट फलाटावर नेणारी लिफ्ट नसते. रस्ता ते तिकिटांचा मजला ही एक, फाटकानंतर फलाटापर्यंत दुसरी. शिवाय प्रत्येक दाराला लिफ्ट नाही. चाकांची खुर्ची, लहान मुलाची गाडी किंवा गुडघ्यांचं दुखणं असलेलं माणूस बरोबर असेल तर लिफ्ट असलेलं दार आधी विचारून घ्या, नाहीतर चौकाला वळसा घालावा लागतो. वयस्कर माणसांना सरकत्या जिन्याची भीती वाटते, आणि इथले जिने लांब आहेत. त्यांच्याबरोबर असाल तर जिन्यावर त्यांच्या एक पायरी खाली उभे राहा, म्हणजे उतरताना तोल गेला तर आधार मिळतो.

कुठे उतरायचं, कुठे उतरू नये

उत्तरेकडून सुरुवात. आरे जेव्हीएलआर हे जमिनीवरचं एकमेव स्थानक. तिथे रेल्वे नाही. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची मेट्रो ६ पूर्ण होईपर्यंत पवईहून यायला बस किंवा रिक्षा हाच मार्ग. सीप्झ आणि एमआयडीसी ही दोन स्थानकं मात्र कचेऱ्यांच्या दारात आहेत.

मरोळ नाका हे या मार्गावरचं सर्वांत उपयोगी जोडस्थानक, कारण इथे २०१४पासून चालू असलेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो १ भेटते. ठाणे-डोंबिवलीकडून सीप्झला जाणाऱ्यांनी घाटकोपरला उतरून मेट्रो १ घ्यावी, चौथा थांबा मरोळ नाका, तिथून मेट्रो ३नं दुसरा थांबा सीप्झ. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी अंधेरीहून तीच मेट्रो १ घ्यावी, मरोळ नाका तिथूनही चौथाच. दहिसर-बोरिवली पूर्वेकडून मेट्रो ७नं येणाऱ्यांनी गुंदवलीला उतरून पुलावरून मेट्रो १च्या पश्चिम द्रुतगती मार्ग स्थानकात जावं. मरोळ नाक्याला एक मार्ग रस्त्याच्या वर आणि दुसरा जमिनीच्या खाली आहे, शिवाय दोन्ही सेवा वेगवेगळ्या कंपन्यांच्या. म्हणून एका फाटकातून बाहेर, खाली उतरणं, पुन्हा तपासणी आणि दुसरं फाटक. गर्दीत दहा मिनिटं राखून ठेवा.

विमानतळाला जाणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. मेट्रो १वर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचं स्थानक आहे. मेट्रो ३ धरायची असेल तर तिथे उतरू नका, त्याच्या शेजारचं मरोळ नाका गाठा. तिथून टर्मिनल २चं स्थानक एकच थांबा, तिकीट १० रुपये. टर्मिनल १साठी वेगळं स्थानक आहे आणि या दोन्हींच्या मधे सहार रोड. विमानाच्या तिकिटावर टर्मिनल कुठलं लिहिलं आहे ते घरीच पाहा, कारण देशांतर्गत विमानं दोन्ही टर्मिनलवरून सुटतात. स्थानकातून टर्मिनलच्या दारापर्यंत सामान ओढत चालावं लागतं. एक बॅग असेल तर मेट्रो उत्तम, दोन मोठ्या बॅगा आणि लहान मूल असेल तर टॅक्सी. पहाटेच्या विमानाला ही मेट्रो उपयोगाची नाही. कफ परेडहून ५.५५ला निघालेली गाडी टर्मिनल २ला पोचेपर्यंत पावणेसात होत आलेले असतात. रात्री उशिरा उतरणाऱ्यांनीही तिच्यावर विसंबू नये. मध्यरात्रीनंतरच्या परदेशी विमानासाठी रात्री दहाच्या आत पोचायला मात्र ती छान आहे.

सांताक्रूझ हे मेट्रो स्थानक सांताक्रूझ रेल्वे स्थानकाला लागून नाही, नावावर जाऊ नका. बीकेसीला उतरल्यावर संकुल केवढं पसरलं आहे हे लक्षात घ्या. इमारत कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते आधी पाहा, त्यावरून चालायचं की शेअर रिक्षा करायची ते ठरेल. इथून वांद्रे किंवा कुर्ला रेल्वे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर नाही. बीकेसी आणि धारावीच्या मधे गाडी मिठी नदीच्या खालून जाते. आतून काहीच कळत नाही, आणि बांधणाऱ्यांच्या कामाची पावती तीच.

शीतलादेवीपासून दक्षिणेला रिक्षा मिळत नाहीत, तिथून पुढे टॅक्सी किंवा बस. १ फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं २६ आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये आहे, ९ मे २०२५पासून बेस्टचं किमान साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२. मेट्रोच्या तिकिटात हे शेवटच्या टप्प्याचे पैसे धरूनच तुलना करा.

दादरबद्दल स्पष्ट सांगायला हवं. मेट्रोचं दादर गोखले रोडवर आहे. शिवाजी पार्क आणि त्या बाजूच्या नाट्यगृहांसाठी ते सोयीचं. पण मध्य रेल्वेची गाडी पकडायची असेल तर पश्चिमेच्या बाजारातून चालत पुलावर जावं लागतं, आणि गणपती-दिवाळीच्या आधीच्या संध्याकाळी ते अंतर दुप्पट वाटतं. मध्य रेल्वेसाठी सीएसएमटीच धरावं. सिद्धिविनायक स्थानक प्रभादेवीत, मंदिराच्या जवळ. मंगळवारी आणि विशेषतः अंगारकीला परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, दर्शन झाल्यावर खिडकीवरची रांग फार लांब होते.

वरळी, आचार्य अत्रे चौक (म्हणजे वरळी नाका) आणि विज्ञान केंद्र ही तीन स्थानकं पूर्वी रेल्वे नसलेल्या भागात आहेत, तिथल्या लोकांना मोठा फायदा झाला आहे. लोअर परळच्या कचेऱ्यांना मात्र मेट्रो थेट नेत नाही, तिथे अजूनही लोकलच सोयीची. महालक्ष्मीला उतरून महालक्ष्मीच्या देवळात जाऊ पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हे स्थानक रेल्वेच्या महालक्ष्मी स्टेशनजवळ आहे. देऊळ आणि हाजी अली तिथून लांब आहेत, बस किंवा टॅक्सी लागेल.

मुंबई सेंट्रलचं मेट्रो स्थानक ‘जगन्नाथ शंकर शेट’ या नावानं आहे. भारतातली पहिली रेल्वे आणण्यासाठी झटलेल्या नानांचं नाव एका रेल्वे स्थानकाला मिळालं हे योग्यच झालं. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे नाव आधी कळवा, नाहीतर ते नकाशात मुंबई सेंट्रल शोधत बसतील. एसटीचा आगार आणि लांब पल्ल्याच्या गाड्या दोन्ही जवळ, त्यामुळे गावाहून येणाऱ्यांसाठी हे सर्वांत कामाचं स्थानक.

गिरगाव आणि काळबादेवी या दोन स्थानकांसाठी ही मेट्रो बांधली असं म्हटलं तरी चालेल. इथल्या रहिवाशांना चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सपर्यंत चालत जाण्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या पर्याय नव्हता. जगन्नाथ शंकरशेट मार्ग इतका अरुंद की रस्ता उकरून वरून खाली अख्खं स्थानक बांधणं शक्यच नव्हतं. म्हणून मर्यादित जागेत खड्डा घेऊन तिथून आडवे बोगदे खणत फलाट तयार केले. एका वेळी थोडं खणायचं, लगेच लोखंडी जाळी आणि काँक्रीटचा फवारा मारून छत धरायचं, मग पुढचं थोडं. वर दोन्ही बाजूंना जुन्या चाळी असताना ही कामगिरी मोठी आहे. झवेरी बाजार, मुंबादेवी, भुलेश्वर, चिराबाजार या सगळ्यांसाठी काळबादेवीला उतरा. खरेदीचं सामान घेऊन परतताना मोठी पोती-गठ्ठे घेऊन येऊ नका. तपासणी यंत्रातून जाईल एवढंच सामान आत नेता येतं.

सीएसएमटी स्थानक आझाद मैदानाच्या बाजूला. हुतात्मा चौकाला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि काळा घोडा. विधान भवनाला मंत्रालय आणि नरिमन पॉइंट. मंत्रालयात कामासाठी येणाऱ्यांना आता चर्चगेटहून शेअर टॅक्सीची रांग लावावी लागत नाही. आणि कफ परेड. कुलाब्याचं जुनं रेल्वे स्थानक १९३०च्या अखेरीस बंद झालं, तेव्हापासून चर्चगेटच्या दक्षिणेला रेल्वे नव्हती. ९५ वर्षांनी ती परत आली. मात्र या मार्गाचं अधिकृत नाव ‘कुलाबा-वांद्रे-सीप्झ’ असलं तरी कुलाबा नावाचं स्थानक त्यावर नाही. गेटवे आणि कॉजवेला जायचं असेल तर हुतात्मा चौकाला उतरून बस घ्या किंवा चाला.

तिकीट आणि भाडं

खिडकीवर कागदी क्यूआर, यंत्रातून तोच क्यूआर, मोबाइलवर मेट्रोकनेक्ट३ ॲप किंवा व्हॉट्सॲप, नाहीतर एनसीएमसी कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं, अनेक वाहतूक सेवांत चालणारं कार्ड). ८ ऑक्टोबर २०२५ला आलेलं मुंबई वन ॲप ११ वाहतूक सेवांची तिकिटं एका ठिकाणी देतं. मेट्रो १ आणि मेट्रो ३ दोन्ही वापरायच्या असतील तर ते घ्या, दोनदा रांग वाचते.

भुयारात मोबाइल नेटवर्क मिळेलच असं धरून चालू नका. अख्खा मार्ग उघडला तेव्हा प्रवाशांची सर्वांत मोठी तक्रार हीच होती. क्यूआर रस्त्यावर असतानाच काढा आणि पडद्याचा फोटो घेऊन ठेवा. खाली उतरून पैसे भरायला गेलात आणि व्यवहार अर्धवट लटकला, तर पैसे कापले पण तिकीट नाही अशी अवस्था होते. बाहेर पडतानाही तोच क्यूआर लागतो, त्यामुळे फोनची बॅटरी संपत आली असेल तर खिडकीवरून कागदी तिकीट घ्या.

रोजच्या प्रवाशानं एनसीएमसी कार्डच घ्यावं. फाटकावर टेकवलं की झालं, नेटवर्कचा संबंध नाही. फक्त त्याची एक खोच समजून घ्या: ॲपमधून भरलेले पैसे लगेच कार्डाच्या चिपवर उतरत नाहीत. स्थानकातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड टेकवून शिल्लक अद्ययावत करावी लागते. हे न केल्यामुळे ‘पैसे भरले तरी फाटक उघडत नाही’ अशी तक्रार घेऊन माणसं उभी असतात. आणि कार्ड हरवलं तर चिपवरची शिल्लक गेली समजा, म्हणून गरजेपुरतेच पैसे ठेवा.

भाडं १० ते ७० रुपये. रचना मात्र नीट पाहण्यासारखी आहे. आरेहून बीकेसीपर्यंत १२.६९ किलोमीटरला ५० रुपये लागतात. पुढे आचार्य अत्रे चौकापर्यंत ६० आणि कफ परेडपर्यंत ७०. म्हणजे पहिल्या पावणेतेरा किलोमीटरला किलोमीटरमागे जवळपास चार रुपये, आणि त्यापुढच्या जवळपास २१ किलोमीटरला मिळून फक्त वीस. लांबच्या प्रवाशाला हे स्वस्त पडतं, मधल्या अंतराच्या प्रवाशाला महाग. सीप्झ-बीकेसी असा रोज जाणारा माणूस सर्वांत जास्त भरडला जातो. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाशी या भाड्याची तुलनाच होऊ शकत नाही, आणि ज्याला लोकल थेट आहे त्यानं लोकलच वापरावी. टॅक्सीशी तुलना केली तर चित्र उलटं दिसतं: १५ किलोमीटरला मीटरनं साधारण ३१० रुपये होतात. चार जण मिळून जात असतील तरी तेवढ्याच अंतराला मेट्रोचे पैसे टॅक्सीपेक्षा कमीच, एकटा असेल तर टॅक्सीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

पावसाळा

२६ मे २०२५ला, दुसरा टप्पा उघडून सोळाच दिवस झाले असताना, पहिल्याच मोठ्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं आणि गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. पाणी भुयारातून आलं नव्हतं. काम चालू असलेल्या एका प्रवेशद्वाराशी पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत कोसळली आणि तिथून लोंढा थेट आत आला. भुयारी स्थानकात धोका असतो तो अर्धवट राहिलेल्या दारांचा. बोगद्यात झिरपणारं पाणी पंपांनी उपसता येतं, पण रस्त्यावरचा लोंढा जिन्यानं खाली आला तर पंप पुरत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी एखाद्या दाराचं काम बाकी असेल तर ते पक्कं बंद केलेलं असलं पाहिजे, आणि प्रवाशांनी तशी मागणी करायला हवी. अतिवृष्टीच्या दिवशी खाली उतरण्यापूर्वी तुमच्या स्थानकापर्यंत गाडी जाते आहे ना, हे खिडकीवर विचारा. ओल्या छत्रीचं पाणी सरकत्या जिन्यावर ठिबकू देऊ नका, त्या लोखंडी पायऱ्या फार निसरड्या होतात.

गाडी दोन स्थानकांच्या मधे थांबली तर दिवे आणि हवा चालू राहते. दार ओढायचा प्रयत्न करू नका. दाराजवळच्या संपर्क बटणावरून चालकाशी बोलता येतं, बटण दाबून डब्याचा क्रमांक सांगा. उतरवायची वेळ आलीच तर कर्मचारी रांगेनं नेतात. अशा जोडबोगद्यांत साधारण दर अडीचशे मीटरला दुसऱ्या बोगद्यात जाण्याचा आडवा मार्ग ठेवतात.

रात्रीच्या प्रवाशांसाठी एवढंच: साडेदहा ही टोकाहून सुटण्याची वेळ आहे, आणि मधल्या स्थानकावर शेवटची गाडी किती वाजता येते ते प्रत्येक दिशेला वेगळं असतं. सिद्धिविनायकाहून आरेकडे जाणाऱ्याला थोडा जास्त वेळ मिळतो, कारण कफ परेडहून निघालेल्या शेवटच्या गाडीला तिथे पोचायला वेळ लागतो. चर्चगेटला असाल आणि उत्तरेला जायचं असेल, तर साडेदहाला रस्त्यावरच्या दारात असून चालणार नाही, फलाटावर असायला हवं.